हिराताईंची भवानी

हल्ली महिन्यातून एकदा आमच्या औद्योगिक वसाहतीचा भोंगा वाजवून बघतात. खराखुरा अपघात झालाच तर तो वाजेल की नाही, याची खात्री करायला. भोंगा सुरू झाला की माझा डावा हात आपोआप शेजारच्या खुर्चीकडे जातो. त्या खुर्चीत आता एक नवीन मुलगी बसते. पहिल्यांदा मी तिचा हात धरला तेव्हा ती दचकली, आणि मला बरं वाटत नाहीये असं समजून तिनं पाणी आणून दिलं. आता तिला सवय झाली आहे. भोंगा थांबेपर्यंत ती बिचारी एका हातानं टाइप करते.

मी धरते तो हात खरं म्हणजे हिराताईंचा असतो.

हिराताई तांडेल, समुद्रकाठच्या दातिवऱ्याच्या, रोज तिथूनच यायच्या. बोईसरच्या आमच्या मदत केंद्रात त्या फोनवर बसायच्या आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी. काम सांगायला सोपं आहे. वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यातून नाहीतर आसपासच्या गावातून फोन येतो. वास येतोय, डोळे चुरचुरतायत, कुणाचा हात भाजलाय, कुणी चक्कर येऊन पडलंय. कुठं, काय, किती माणसं, हे ऐकता ऐकता कॉम्प्युटरवर भरायचं आणि अग्निशमनवाल्यांना किंवा अँब्युलन्सला निरोप सोडायचा. मी मूळची भित्री. पालघरला आमच्या स्वयंपाकघरात पाल दिसली तर मी शेजाऱ्यांना हाक मारते. असल्या बाईला या नोकरीत कुणी घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही. पहिल्या दिवशी शेजारी बघते तर काय, एक बाई बंद कॉम्प्युटरपुढे बसून धडाधड टाइप करते आहे.

पडदा काळाकुट्ट. साधा दिवासुद्धा नाही. चापूनचोपून नेसलेली सुती साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, उजव्या कानात हेडफोनचा गोळा, डाव्या कानाला फोन, आणि बोटं अशी चालताहेत जशी कोलंबी सोलताना बायकांची चालतात. मला वाटलं, ही बाई साहेबांना फसवते आहे.

"पडदा बंद आहे तुमचा," मी हळूच म्हटलं.

"मग? मला कुठं बघायचा हाय तो?" हिराताई म्हणाल्या. "इजेचं बिल तरी वाचतं."

तेव्हा कुठं मला कळलं की त्यांना दिसत नाही. लग्नाच्या वयात आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग सगळंच. मुंबईच्या एका संस्थेत त्या कॉम्प्युटर शिकल्या. पडद्यावर जे जे येईल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यात असतो. अक्षरं, बटणं, आलेला निरोप, चुकलेला शब्द, सगळं तो बोलतो. माउसला हात लावायची गरज नाही, सगळं कळफलकावरून होतं. त्या बोलणाऱ्या आवाजाला हिराताईंनी भवानी असं नाव ठेवलं होतं. "आमची भवानी तोंडाची फाटकी हाय," त्या म्हणायच्या, "बॅटरी उतरली तरी सांगल नि मी चुकले तरी सांगल. पोटात काय ठेवायची नाय."

ही भवानी बोलायची किती भराभर म्हणून सांगू. पहिल्यांदा मी हेडफोन कानाला लावला तेव्हा गरम तेलात मोहरी टाकल्यासारखं काहीतरी तडतडलं. यातून भाषा निघते यावर माझा विश्वासच बसेना. हिराताई हसल्या. डोळस माणसं पानावरून नजर फिरवतात ना, तसं त्या कान फिरवत. आवाज सावकाश ठेवला तर जेवणाची सुट्टी होईपर्यंत एकच पान संपेल, असं त्यांचं म्हणणं. हेडफोन बिघडला की भवानी सगळ्या खोलीत बोलायची आणि तरी कुणाला काही कळायचं नाही. तो वेग हाच त्यांच्या दाराचा पडदा होता.

पण शेजारी बसून बसून मला ती बोली हळूहळू कळायला लागली. एकदा भवानी काहीतरी बोलली आणि हिराताईंच्या आधी मीच हसले. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "कळतं काय तुला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "मंग आता माझी चोरी पकडली तर तूच पकडशील गं शैला."

मी ते गमतीवारी नेलं.

त्यांच्या सवयी ऑफिसात सगळ्यांना पाठ होत्या. मागून येऊन खांद्याला हात लावलेला त्यांना अजिबात खपत नसे. आधी बोला, मग हात लावा. "काळीज भायेर पडतं माझं," त्या म्हणत, आणि खरंच त्यांचा चेहरा पांढरा पडलेला असे. डबा त्या कुणालाही उघडू देत नसत, कारण त्यात सुक्या बोंबलाची चटणी असे आणि आमच्यात ती टिकत नसे. आणि रोज सकाळी खुर्चीत बसल्याबरोबर एक ठरलेली गोष्ट करायच्या. दोन्ही हात कानशिलांजवळ न्यायचे आणि अंगठा बोटांवर चोळायचा. आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग क्षणभर स्वस्थ बसायचं आणि मगच कॉम्प्युटर सुरू करायचा.

आमच्याकडे बायका पोराच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडतात, दृष्ट काढतात. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, हिराताई रोज स्वतःची दृष्ट काढतात. मी घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "स्वतःची स्वतः काढून उतरत नाही गं, दुसऱ्यानं काढावी लागते." दुसऱ्या दिवशी मी मोठ्या शहाणपणानं हिराताईंना म्हटलं, "ताई, तुमची दृष्ट मी काढते ना. मीठमोहऱ्या आणू का?" त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी पुसायला त्यांना बराच वेळ लागला. पण दृष्ट काही त्यांनी मला काढू दिली नाही.

त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते पडद्यापायी. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला होता. त्याचं काम झालं आणि तो जाताना हिराताईंचा पडदा चालूच ठेवून गेला. चांगला उजळून, मोठ्या अक्षरांत. हिराताईंना कळणार कसं? त्यांना तो बंदच होता. मी नेमकी तेव्हा आईच्या आजारपणात रजेवर होते. इकडे हिराताई नेहमीसारख्या काम करत राहिल्या, मधल्या वेळात घरचं टपाल वाचत राहिल्या, आणि मागून जाणारा येणारा ते वाचत राहिला. कुणी मुद्दाम नाही. उजेड दिसला की माणसाची नजर जाते.

मी परत आले त्या दिवशी आमचे राऊतसाहेब त्यांच्या टेबलाशी थांबले आणि अगदी मायेनं म्हणाले, "हिराताई, तुमच्या भावाला ऐकू येत नाही म्हणजे पूर्णच येत नाही का हो?"

हिराताईंनी भावाबद्दल ऑफिसात कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यांचे हात कळफलकावर होते तिथंच राहिले. मग त्यांनी हात पुढे करून पडद्याच्या मागे ठेवला, पोराच्या कपाळाला ताप बघायला ठेवतात तसा. पडदा गरम होता.

"कवापासून चालू हाय ह्यो?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी इकडे तिकडे बघितलं, जणू काही त्यांना आमचं बघणं दिसणार होतं. साहेब ओशाळून आत गेले. मला वाटलं, खासगी गोष्ट चव्हाट्यावर आली म्हणून ताईंना लाज वाटली असेल. पण त्यांचे ओठ थरथरत होते आणि लाजेनं माणसाचे ओठ तसे थरथरत नाहीत. त्या दिवसापासून आल्याबरोबर पडद्याला ताप आहे का बघायचा आणि मग कानशिलांशी बोटं चोळायची, असा क्रम झाला.

दुसऱ्यांदा त्या घाबरल्या तेव्हा मात्र चिडल्यासुद्धा. आमच्या कामाचा प्रोग्राम बदलला. नवीन प्रोग्राम दिसायला झकास होता. अँब्युलन्सचं चित्र, बंबाचं चित्र, लाल, हिरवं, पिवळं. आम्ही सगळे खूश. हिराताईंच्या कानात भवानी म्हणत होती, "चित्र. बटण. बटण. बटण. चित्र." बनवणाऱ्यानं चित्रांना नावंच दिली नव्हती आणि नाव नसेल तर भवानी तरी काय वाचणार? हिराताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्या खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या. "कुठल्या बटनाखाली बंब हाय नि कुठल्याखाली घंटा, ते मला ठावं नाय," त्या साहेबांना म्हणाल्या. "एखाद्याच्या अंगावर ॲसिड पडलं आन मी शिपायाची घंटा वाजवली, तर जबाबदार कोन?" बटणांना नावं देऊन होईपर्यंत त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. फोन त्या घ्यायच्या आणि ऐकलेलं मोठ्यानं बोलायच्या, मी भरायची. मी चुकले की आपल्याला भवानी नसल्याचं मला वाईट वाटायचं.

मग ती दुपार आली. मागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात टाकी फुटली. आधी वास आला. आमच्याकडे वास रोजच असतो, त्यामुळे कुणी मान वर केली नाही. मग फोन वाजला आणि हिराताईंनी तो घेतला. पलीकडचा माणूस हिंदीत ओरडत होता. त्यांनी सगळं शांतपणे विचारून घेतलं, भरलं, निरोप सोडला. सगळ्यांना मागच्या दारानं मैदानात जायला सांगितलं. हिराताईंनी पर्स घेतली, काठी उघडली, आणि त्या माझ्या पुढे चालायला लागल्या. तो रस्ता त्यांच्या पायाखालचा होता.

तेवढ्यात भोंगा वाजला. आमच्याच इमारतीच्या डोक्यावर आहे तो.

हिराताई जागच्या जागी थांबल्या. आंधळा माणूस चालतो ते कानानं, हे मला तोवर माहीत नव्हतं. काठीचा टकटक आवाज भिंतीवर आपटून परत येतो, दाराशी तो बदलतो, माणसाची चाहूल लागते, पंखा कुठं आहे ते कळतं. भोंग्यानं ते सगळं पुसून टाकलं होतं. काठी हवेत धरून त्या एकाच जागी वळत होत्या. एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे, पुन्हा भिंतीकडे. त्यांचं तोंड उघडं होतं. त्या काहीतरी म्हणत होत्या आणि ते मलाही ऐकू येत नव्हतं. आधी बोला मग हात लावा, हा नियम मला माहीत होता. पण बोलू कशी? मी तशीच त्यांचा हात धरला. त्या किंचाळल्या. किंचाळलेलं तोंड मला दिसलं, आवाज आला नाही. मग त्यांच्या बोटांनी माझी अंगठी चाचपली आणि माझा हात इतका घट्ट आवळला की त्याचा वळ मला पुढं बरेच दिवस दिसत होता.

मैदानातल्या चिंचेखाली आम्ही बसलो. भोंगा थांबला, वारा फिरला, बंब आला. कुणाला फार लागलं नाही, असं कळलं. लोक हसायला बोलायला लागले. हिराताईंनी माझा हात सोडला नव्हता.

"धूर झाला की तुमाला दिसत नाय ना?" त्या म्हणाल्या. "तसा भोंगा झाला की मला. आंधळ्याला रात नसते शैला. आंधळ्याला गोंगाट असतो."

"झालं ताई. थांबला आता," मी म्हटलं.

"आज थांबला," त्या म्हणाल्या. "माझ्या दादाचा थांबलाच नाय."

मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांचा हा आजार त्यांच्या घरातला आहे. आधी दादाचे डोळे गेले, मग त्यांचे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की काही घराण्यांत तो डोळ्यांवर थांबत नाही. दादाचे कान गेले. सावकाश गेले, चिमणी, मग कुकरची शिटी, मग बायकोची हाक. "सकाली मी बोटं चोलते ना," हिराताई म्हणाल्या, "ती ऐकू येतात काय ते बघते. दादाचा पयला ह्योच आवाज गेला व्हता."

मी मीठमोहऱ्या आणायला निघाले होते.

एका रविवारी त्या मला घरी घेऊन गेल्या. सफाळ्याला उतरायचं आणि तिथून एसटीनं दातिवरे. घरापुढे सारवलेला ओटा, बाजूला काठ्यांच्या चौकटीवर बोंबील वाळत घातलेले, आणि ओट्यावर दादा जाळं दुरुस्त करत बसलेले. एके काळी स्वतःची होडी घेऊन जाणारा माणूस. डोळे मिटलेले, मान किंचित वर, बोटं जाळ्यातली तुटकी गाठ शोधताहेत. त्यांना आम्ही आल्याचं कळलं नाही. हिराताई बोलत बोलत त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवला. दादांचा चेहरा उजळला. त्यांनी जाळं ठेवलं आणि डावा तळहात उताणा करून दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला.

"हिरे, कान हायत ना गं तुझे?" त्यांनी विचारलं. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, सपाट आवाज.

हिराताईंनी बोटानं त्यांच्या तळहातावर दोन अक्षरं काढली. हाय.

"देव पावला," दादा म्हणाले.

रोज त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, असं वहिनींनी मला आत चहा करताना सांगितलं. "तिचं गेलं तर माजा जीव जाल म्हनतात. आपला रोग हिला लागला असं वाटतं त्यांना. मोठे ना ते." मग बाहेर येऊन मी बघत राहिले. हिराताईंच्या कानात फोनवरची भवानी बातम्या वाचत होती आणि हिराताई त्या बातम्या अक्षर अक्षर करून भावाच्या तळहातावर उतरवत होत्या. मासळीचा भाव, वादळाचा इशारा, कुणाच्या घरी लग्न. मधेच त्यांनी माझं नाव लिहिलं असावं, कारण दादा मोठ्यानं म्हणाले, "मासली खाते काय ती?" मी हो म्हटलं, हिराताईंनी ते लिहिलं, आणि दादांनी माझ्या दिशेनं मान डोलावली. मी हसले खरी, पण मला त्या ओट्यावरून पळून जावंसं वाटत होतं. हिराताई रोज आपलं पुढचं आयुष्य शेजारी घेऊन बसत होत्या.

परतताना मी विचारलं, "ताई, बोटांनी वाचायचं ते ब्रेल तुम्ही शिकलात ना?"

"नाय," त्या एकदम तुटक म्हणाल्या. "मोठेपनी आंधली झालेय मी. भवानी असताना बोटानं कोन वाचतं? गोगलगायीचं काम ते."

पण संस्थेच्या बाईंनी त्यांच्यासाठी एक यंत्र पाठवलं होतं, हे मला ठाऊक होतं. कंपासपेटीएवढं. कॉम्प्युटरला नाहीतर फोनला जोडलं की पडद्यावरच्या ओळीतली अक्षरं त्याच्यावर बारीक टिंबांच्या रूपानं वर येतात, बोट फिरवलं की वाचता येतात, आणि पुढची ओळ आली की खाली बसतात. खोक्यासकट ते हिराताईंच्या खालच्या खणात होतं, चटणीच्या जुन्या बरण्यांच्या मागे. त्याला हात लावणं म्हणजे दादाच्या बाजूला जाऊन बसणं, असं त्यांना वाटत असणार. मला तेव्हा त्यांचा राग येई. आता येत नाही.

त्यानंतर माझं लक्ष मला नको असताना भवानीकडे जायला लागलं. पावसाळा संपता संपता मला वाटलं, ती जरा सावकाश बोलते आहे. मग वाटलं, आपल्यालाच सवय झाली असेल. मी तीच समजूत घालून घेत राहिले. हिराताईंनी फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला घेतला आणि हेडफोन डावीकडे गेला. मग तो परत उजवीकडे आला. सकाळी बोटं चोळून झाल्यावर त्या आता पुन्हा चोळायच्या, अंमळ जोरात.

दिवाळीच्या सुमाराला हेडफोन बिघडला. भवानी खोलीभर बोलायला लागली. आमचे वॉचमन तिवारीजी, उत्तरेकडचे, वसाहतीत आयुष्य गेलेले, रजिस्टर ठेवायला आत आले होते. ते ऐकत थांबले आणि खूश होऊन म्हणाले, "अरे वा! अब तो मैडम का कम्प्यूटर हमको भी समझ में आता है."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "तिवारीजी मराठी शिकले."

हिराताईही हसल्या. त्यांचे हात कळफलकावर होते तिथंच थांबले, पडद्याच्या दिवशी थांबले होते तसे. दाराचा पडदा निघाला होता आणि घर सगळ्यांना दिसत होतं. घरात काय आहे ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

"शैला," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला कवाच कळलं असल."

मी हो म्हटलं. त्यांना ते ऐकू आलं नाही असं मला वाटलं आणि मी पुन्हा, जरा मोठ्यानं, हो म्हटलं. "आलं ऐकू," त्या म्हणाल्या. पण ते मी ओरडल्यावर.

त्याच दिवशी त्या राऊतसाहेबांच्या खोलीत गेल्या. मला दाराशी उभं राहायला सांगितलं. साहेब म्हणाले, "अजून तुमची एकही चूक झालेली नाही हो." ते खरं होतं. हिराताई म्हणाल्या, "व्हईल तवा ती माझी चूक नसल साहेब, कोनाचा तरी जीव असल. एक दिवस फोन वाजल आन मी ऐकनार नाय. त्याच्याआधी मला उठवा." साहेबांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टर, औषधं, मशीन, सगळं बोलून झालं. कानात घालायचं मशीन हिराताईंनी आधीच लावून बघितलं होतं. त्यानं भोंगा मोठा झाला आणि माणूस तेवढाच लहान राहिला, असं त्या म्हणाल्या.

टेबलाशी परत आल्यावर त्यांनी फोन माझ्या टेबलावर सरकवला. मग खाली वाकल्या, खण उघडला, बरण्या बाजूला केल्या. "ते खोकं काढ गं," त्या म्हणाल्या. "माझ्यानं निघत नाय."

खोकं जड नव्हतं.

नोकरी सुटेपर्यंतचे उरलेले दिवस हिराताई त्या यंत्राशी बसून राहिल्या. संस्थेच्या बाई येऊन शिकवून गेल्या. वाऱ्यासारखं ऐकणारी बाई आता पहिलीतल्या पोरासारखी क ला क जोडत होती. बोट टिंबावर ठेवायचं, पुढं न्यायचं, मागं आणायचं. एक ओळ वाचायला इतका वेळ लागे की माझे दोन फोन होऊन जात. कधी कधी त्या वैतागून हेडफोन घालत आणि भवानीचा आवाज शेवटपर्यंत वाढवून बसत. मग पुन्हा तो काढून ठेवत. बोटं लवकर तयार होतात की कान लवकर जातात, अशी ती शर्यत होती आणि मला रोज सकाळी ऑफिसात शिरताना तिची भीती वाटायची. एकदा भवानी चुकून बंदच राहिली आणि हिराताईंना ते कळलं नाही. बोट चालूच होतं. मी कळवायला गेले आणि थांबले.

त्या दातिवऱ्याला घरीच राहायला लागल्यावर आमचं बोलणं फोनवरच्या निरोपांनी व्हायचं. मी लिहायची, त्यांच्या यंत्रावर टिंबं उठायची, त्या वाचून उत्तर पाठवायच्या. हळूहळू उत्तरं लवकर यायला लागली. म्हणजे बोटं सुधारली होती. मी फोन करते म्हटलं की "नको, लिही" एवढंच यायचं. म्हणजे कान काय म्हणतात तेही कळत होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी न कळवता गेले. दुपार कलली होती. ओट्यावर दोघं बसली होती, मध्ये वीतभर अंतर. दादांच्या मांडीवर जाळं आणि हिराताईंच्या मांडीवर ते यंत्र. कानात काहीच नव्हतं. बोट टिंबांवरून सरसर सरकत होतं. खरंच सरसर. मला इतकं बरं वाटलं की मी फाटकाशीच हाक मारली, "ताई!"

बोट थांबलं नाही. मी ओट्याशी येऊन पुन्हा हाक मारली, ऑफिसात मारायची त्याच्या दुप्पट. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मी अगदी समोर उभी होते. आधी बोला, मग हात लावा. मी बोलले होते. आता हात लावू कसा? भोंग्याच्या दिवशीचं ते उघडं तोंड मला आठवलं.

तेवढ्यात दादांनी जाळं खाली ठेवलं. डावा तळहात उताणा करून दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला.

"हिरे, कान हायत ना गं तुझे?"

हिराताई वाचत होत्या.

दादा वाट बघत राहिले. तळहात तसाच होता. "हिरे?" त्यांनी पुन्हा विचारलं, आता मोठ्यानं. "कान हायत ना?" शेजारच्या अंगणातली कोंबडी उडाली. हिराताई पुढच्या ओळीवर गेल्या. दादांचा चेहरा माझ्यासमोर बदलत गेला. भुवया वर चढल्या, तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि त्यांचा दुसरा हात ओट्यावरून बहिणीला शोधत निघाला. म्हणजे यांना अजून सांगितलेलं नाही. मी पर्समधून फोन काढला. मी लिहिलं, "दादा विचारतायत."

हिराताईंच्या बोटाखाली टिंबं खाली बसली आणि दुसरी उठली.

त्यांचं बोट थांबलं. एकदा मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. त्यांनी घाईनं हात ओट्यावर टाकला, तळहात सापडला, आणि त्याच्यावर त्यांनी ठसठशीत दोन अक्षरं काढली. हाय.

"मंग बोलत का नाय लवकर?" दादा म्हणाले. "देव पावला." आणि ते पुन्हा जाळ्यातली गाठ चाचपायला लागले.

हिराताईंनी चेहरा वर केला. मी कुठं उभी असेन याचा अंदाज घेत त्यांनी तो सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवला आणि माझ्याकडे येऊन थांबवला. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या ओट्यावर ऐकू येणारी मी एकटीच होते.